भातुकलीचें संकेतस्थळ

मुलें भातुकली मांडून बसलीं म्हणजे त्यांस वेळ फुकट दवडल्याचा दोष कोणी देत नाहीं. बोळक्यांतील भात चुरमुऱ्यांचा असतो, चुलींत विस्तव नसतो, हें सर्वांस ठाऊक असतें. तरीहि पाहुण्यास पाट कोठें मांडावा, मीठ पानाच्या कोणत्या बाजूस वाढावें, आधीं कोणास वाढावें, हें त्या खेळांत जें शिकावयास मिळतें तें पुढें जन्मभर विसरत नाहीं. हाच न्याय एका नव्या विद्येस लावून पाहावा, असें आमचें म्हणणें आहे. ती विद्या म्हणजे संकेतस्थळ बांधण्याची. आमचें मत थोडक्यांत असें कीं, ज्या विद्यार्थ्यास ही विद्या शिकावयाची असेल त्यानें प्रथम एक लटकें, गमतीचें, व्यवहारांत कोणाच्याहि उपयोगीं न पडणारें संकेतस्थळ स्वतःच्या हातानें बांधावें. आणि शाळेनें व पालकांनीं त्या लटक्या कामास खऱ्या अभ्यासाइतकाच मान द्यावा.

सांप्रत मुलांचा पुष्कळ वेळ पडद्यापुढें जातो अशी पालकवर्गाची तक्रार आहे, व ती खोटी नाहीं. परंतु आम्हांस त्याहूनहि अधिक काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बोटाच्या स्पर्शानें मुलगा शंभर पानें पाहतो. पण तें पान कोणी रचलें, कशानें रचलें, तसें आपणांस रचतां येईल काय, हा विचार त्याच्या मनास शिवतहि नाहीं. ज्यास वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं, अशा मनुष्यास आपण अर्धाच साक्षर समजतों. या नव्या लिपीच्या बाबतींत आमच्या मुलांची स्थिति तशीच होऊं पाहत आहे. तीं नुसतीं वाचक, प्रेक्षक व गिऱ्हाइकें राहणार, कीं कधींकाळीं लेखकहि होणार, हा खरा प्रश्न होय.

या विद्येच्या जन्मकाळीं वाचन व लेखन यांची फारकत झालेली नव्हती, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञानें १९८९ च्या मार्च महिन्यांत, जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत, तेथील विखुरलेली माहिती एकमेकींस जोडण्याची योजना मांडली. आणि १९९० अखेर त्या योजनेप्रमाणें जगांतील पहिलें संकेतस्थळ उभें राहिलें. सर्ननें २०१३ सालीं तें त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हां पाहावयास ठेवलें. त्यांत चित्र नाहीं, रंगांची आरास नाहीं. साधा मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे, एवढेंच काय तें. आमच्या मुलांस तें पाहून हसूं येईल. परंतु तीं पानें पाहण्यासाठीं बर्नर्स-लीनें जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यांतच पान लिहिण्याचीहि सोय होती. पुढें जे ब्राउझर लोकप्रिय झाले ते बहुतेक नुसते पाहण्याचे. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें या योजनेचें सॉफ्टवेअर कोणताहि मोबदला न घेतां जगास खुलें केलें. देणाऱ्यानें हातचें कांहीं न राखतां दिलें. घेणाऱ्यानें मात्र अर्धेंच घ्यावें, हें बरें नव्हे.

ही विद्या फार अवघड, ती मोठ्या शहरांतील इंजिनियरांनींच करावी, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. स्नेहसंमेलनांतील नाटकाचाच दाखला घेऊं. नाटकास आधीं संहिता लागते, मग वेषभूषा, मग अभिनय. संकेतस्थळांत संहितेचें काम एच टी एम एल नांवाची भाषा करते. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हें चित्र, हा दुवा, अशी मजकुराच्या प्रत्येक भागाची ओळख ती कोनी कंसांत लिहिलेल्या खुणांनीं पटवून देते. या खुणांस टॅग म्हणतात. रंग, अक्षरांचा आकार, समास व मांडणी हें वेषभूषेचें काम सी एस एस हिच्याकडे असतें. तिची कल्पना होकॉन विउम ली यानें १९९४ सालीं मांडली व १९९६ च्या डिसेंबरांत तिला पहिलें अधिकृत रूप मिळालें. बटण दाबतांच कांहीं घडून यावें, हा अभिनय जावास्क्रिप्टचा. तिचें पहिलें रूप ब्रेंडन आइक यानें १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत तयार केलें. या तिघींच्या पहिल्या पाठांस लागतें काय? एक साधा संगणक, त्यांत आधींपासून असलेलें मजकूर लिहिण्याचें नोटपॅडसारखें साधन, आणि एक ब्राउझर. इंटरनेटची जोडणीसुद्धां लागत नाहीं. फाईल आपल्याच संगणकावर राहते आणि ब्राउझर ती तेथूनच उघडून दाखवितो.

आतां खेळाकडे वळूं. समजा, सातवी-आठवींतील चार मुलांनीं “मनीमाऊची खाणावळ” या नांवाचें संकेतस्थळ बांधावयाचें ठरविलें. ही खाणावळ जगांत कोठेंहि नाहीं. मालकीण एक मांजर, गिऱ्हाइकें गल्लींतील मांजरें, आणि दारावर “उधारी बंद” अशी पाटी. पहिल्या दिवशीं संगणकास हातहि लावूं नये. चित्रकलेच्या वहींत चौकटी आखाव्या: वर नांव, खालीं पदार्थांची यादी, बाजूस मालकिणीचें चित्र, तळाशीं खाणावळीचे नियम, आणि दुसरें पान दरपत्रकाचें. पहिला धडा येथेंच मिळतो. काय सांगावयाचें हें ठरल्यावांचून तें कसें सांगावें याचा विचार व्यर्थ आहे. निबंधाचीं टांचणें काढतांना हेंच शिकवावें लागतें. पण तेथें तें मुलांस शिक्षकांचा हट्ट वाटतें, येथें तें त्यांचीं त्यांस पटतें.

दुसऱ्या दिवशीं मथळा, परिच्छेद व यादी लिहावी: बोंबलाचा रस्सा, दुधाची साय, सणासुदीस उंदीरपाक. उघडलेला टॅग मिटला पाहिजे, आणि जो आंत उघडला तो आधीं मिटला पाहिजे; मोठ्या डब्यांत लहान डबा ठेवला तर आधीं लहानाचें झांकण लागतें, मग मोठ्याचें, तसेंच हें. मथळ्याचा टॅग मिटावयाचा राहिला कीं खालची सारी खाणावळ मथळ्याच्याच आवाजांत ओरडूं लागते. मुलें पोट धरून हंसतात, आणि टॅग मिटण्याचा नियम त्यांस पुन्हां सांगावा लागत नाहीं. याच वेळीं पानाच्या आरंभीं आणखी एक ओळ लिहावी लागते. अक्षरें यू टी एफ-८ या पद्धतीनें लिहिलीं आहेत, असें ती ओळ ब्राउझरास सांगते. ती राहिली तर मराठी अक्षरांच्या जागीं भलतींच चिन्हें उमटण्याचा संभव असतो. ही पद्धति केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं रचली. आणि ती ज्या युनिकोड संकेतसंचावर उभी आहे, त्यांत देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. आपली लिपि पडद्यावर आपोआप उमटत नाहीं, कोणीतरी तिच्या एकेका चिन्हास क्रमांक नेमून दिला म्हणून ती उमटते, हें ज्ञान त्या एका ओळीनें होतें. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ही ओळ अवश्य पाठ करावी.

तिसऱ्या दिवशीं मालकिणीचें चित्र येतें, व त्याबरोबर नव्या अडचणी येतात. चित्राच्या फाईलच्या नांवांत इंग्रजी अक्षर मोठ्याच्या ठिकाणीं लहान पडलें, तर एका संगणकावर दिसलेलें चित्र दुसऱ्यावर दिसेनासें होतें. यंत्र दयाळू नसतें व दुष्टहि नसतें. जें लिहिलें तेंच तें करतें. चित्रासोबत त्याचें वर्णनहि शब्दांत लिहावयाचें असतें, आणि मुलें हें काम टाळतात. तें त्यांस टाळूं देऊं नये. दृष्टिहीन व्यक्ति संकेतस्थळें वापरतात तीं पान वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या मदतीनें. चित्राचें वर्णन लिहिलें नसेल तर चित्र त्यांच्यापुरतें नाहींच. “चष्मा लावून हिशेब करणारें मांजर” एवढे शब्द लिहिले कीं तेंच चित्र त्यांच्यापुढेंहि उभें राहतें. मथळ्याचा टॅगहि अक्षरें मोठीं दिसावीं म्हणून वापरावयाचा नसतो, तर तो मजकूर खरोखर मथळा आहे म्हणून; कारण तें साधन मथळ्यामथळ्यांवरूनच वाचकास पानभर फिरवून आणतें. जो पाहुणा आपणांस दिसत नाहीं त्याचेंहि पान मांडावें, ही शिकवण भातुकलींतच मिळालेली बरी.

मग रंगांची पाळी. हिरव्या भिंतीवर तांबडीं अक्षरें लिहून मुलें प्रथम हर्षित होतात, आणि वर्गाच्या मागच्या बाकावरून एकानेंहि तीं वाचलीं नाहींत म्हणजे विचारांत पडतात. शेवटीं जावास्क्रिप्ट. दोन पेट्या ठेवाव्या; एकींत सायीच्या वाट्या किती व दुसरींत बोंबील किती हें गिऱ्हाइकानें लिहावें, आणि बटण दाबतांच एकंदर पदार्थ किती तें दिसावें. एकींत दोन व दुसरींत तीन लिहून बटण दाबलें, तर पुष्कळदां उत्तर पांच न येतां तेवीस येतें! कारण पेटींत लिहिलेला आंकडा हें यंत्रास अक्षरच वाटतें, आणि तें एका अक्षरापुढें दुसरें मांडून मोकळें होतें. हा आंकडा आहे, असें त्यास स्पष्ट सांगावें लागतें. आंकडा व आंकड्याचें चिन्ह यांतील भेद समजावयास मोठमोठ्या व्याख्या वाचाव्या लागतात; मनीमाऊच्या खाणावळींत तो पांच मिनिटांत समजतो.

हेंच काम एखाद्या खऱ्या दुकानाचें असतें, तर पांचाचे तेवीस झाल्याबरोबर गिऱ्हाईक रागावलें असतें, मालक संतापला असता, आणि मुलानें पुन्हां त्या वाटेस न जाण्याची शपथ घेतली असती. लटक्या कामाचें महत्त्व यांतच आहे. त्यांत कोणाचेंहि नुकसान होत नाहीं, म्हणून मूल मोडण्यास भीत नाहीं. आणि मोडलेलें पुन्हां जोडतांनाच विद्या अंगीं लागते. पूर्वींच्या पंतोजींच्या शाळांत धुळपाटी असे. पाटीवर धूळ पसरावी, तींत बोटानें अक्षर गिरवावें, चुकलें कीं हात फिरवून पुन्हां गिरवावें. कागद महाग होता हें एक कारण खरेंच. पण त्या धुळीनें चुकण्याची भीतीहि पुसून टाकली होती. सेमूर पॅपर्ट यांनीं सहकाऱ्यांसह अमेरिकेंत १९६७ सालीं मुलांसाठीं लोगो नांवाची संगणकभाषा केली; पुढें तींत मुलें एका कासवास आज्ञा देऊन आकृति काढूं लागलीं. १९८० सालच्या आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथांत पॅपर्ट यांनीं हाच विचार मांडला आहे: काम बरोबर कीं चूक, हा प्रश्न नसून तें दुरुस्त कसें करतां येईल, हा प्रश्न आहे. आमच्या परीक्षापद्धतींत या विचारास फारच थोडी जागा आहे, म्हणून ती अन्यत्र करून दिली पाहिजे.

खेळांतून खरें काम उभें राहतें काय, अशी शंका ज्यांस असेल त्यांनीं मराठी मुद्रणाचा इतिहास पाहावा. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून गणपत कृष्णाजी यांच्या मनानें त्या कलेचा ध्यास घेतला. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांची हकीकत आली आहे. त्यांनीं घरच्या घरीं एक लांकडी यंत्र तयार केलें, दगडाच्या लहानशा तुकड्यावर अक्षरें लिहून तीं उमटतात कीं काय तें पाहिलें, शाईचेहि प्रयोग केले. त्या दिवसांत एखाद्या शेजाऱ्यानें तें यंत्र पाहिलें असतें, तर त्यास तें खेळणेंच वाटलें असतें. पुढें १८३१ सालीं त्याच हातांनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापून निघालें. दुसऱ्याचा छापखाना नुसता पाहून ते घरीं परतले असते, तर हें घडलें नसतें.

या मतावर तीन आक्षेप येतील. पहिला पालकांचा: यास गुण किती? यास गुण नसतील. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंच सहावी ते आठवीच्या टप्प्यांत संगणकास आज्ञा लिहिण्याचे उपक्रम सुचविले आहेत, आणि त्यांस नुसत्या व्याख्यांच्या घोकंपट्टीनें न्याय मिळणार नाहीं. टॅगची व्याख्या पाठ म्हणणारा मुलगा व एक पान रचून दाखविणारा मुलगा यांत तोच भेद आहे, जो पोहण्यावरचा निबंध व पोहणें यांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याच्या घरीं संगणक नाहीं त्यानें काय करावें? हा आक्षेप आम्ही हंसण्यावारीं नेऊं इच्छित नाहीं. आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां महागडीं साधनें आणण्याची वाट न पाहतां आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच त्यांनीं शिक्षणाचीं साधनें घडविलीं. तोच मार्ग येथेंहि आहे. आखणी, मजकूर, टॅगांची जुळणी, एवढा भाग वहींत होऊं शकतो. वहींत लिहिलेलें पान मित्रानें तपासावें व उघडे राहिलेले डबे दाखवून द्यावे. संगणकावर चौघांनीं बसावें: एकानें लिहावें, एकानें वाचून सांगावें, एकानें चुका हुडकाव्या, एकानें झालेल्या चुकांची नोंद ठेवावी, आणि दर वेळीं कामें बदलावीं. शाळांनींहि आपल्या संगणकांच्या खोलीचें कुलूप शाळा सुटल्यावर तासभर उघडें ठेवावें. ज्याच्या घरीं यंत्र आहे त्यासच ही विद्या मिळावी, हें शाळा म्हणविणाऱ्या संस्थेस शोभणार नाहीं.

तिसरा आक्षेप अगदीं अलीकडचा. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास दोन वाक्यें सांगितलीं कीं तें सबंध संकेतस्थळ क्षणांत लिहून देतें. मग मुलांनीं हात कां झिजवावे? यास आमचें उत्तर असें कीं, हिशेबाचीं यंत्रें घरोघर आलीं तरी पाढे शिकविणें आपण सोडलें नाहीं. यंत्रानें दिलेलें तेवीस बरोबर कीं चूक, हें ज्यानें एकदां तरी स्वतः पांच मोजले आहेत त्यासच सांगतां येतें. म्हणून पहिली खाणावळ आपल्या हातची असावी. नंतर यंत्राची मदत घेण्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्यानें लिहिलेली प्रत्येक ओळ काय करते हें विद्यार्थ्यास सांगतां आलें पाहिजे. जी ओळ समजावून सांगतां येत नाहीं ती आपली नव्हे, मग ती पडद्यावर कितीहि शोभून दिसो.

खेळ म्हटला कीं नियम आलेच. काम लहान धरावें, पण तें पुरें करावें; अर्धवट राहिलेल्या महालापेक्षां पुरी झालेली खाणावळ बरी. दुसऱ्याचें पान कसें रचलें आहे तें अवश्य पाहावें. संगणकावरील बहुतेक ब्राउझर पानाचा मूळ मजकूर उघडून दाखवितात, व शिकाऊ मनुष्यास ती मोठी शाळाच आहे. परंतु दुसऱ्याचें चित्र वा लेख परवानगीवांचून उचलूं नये. मांजर आपलें आपण काढावें. खेळाच्या नांवाखालीं वर्गबंधूची वा कोणाचीहि टवाळी करूं नये. गमत ज्याची केली तोहि हंसला तरच ती गमत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आपलें छायाचित्र, पत्ता, घरचा दूरध्वनि यांपैकीं कांहींहि त्या पानावर घालूं नये. भातुकली आपल्या अंगणांतच मांडावयाची असते. हें स्थळहि आपल्या किंवा शाळेच्या संगणकावरच राहूं द्यावें, आणि तें जगापुढें मांडावयाचें झाल्यास वडील मंडळींच्या संमतीनेंच मांडावें.

विद्यार्थिमित्रहो, मनीमाऊची खाणावळच बांधली पाहिजे असें नाहीं. कोणी भुतांचें पोस्ट ऑफिस बांधावें, कोणी चंद्रावरचें एस. टी. स्थानक बांधून गाड्यांचें वेळापत्रक लावावें, कोणी आजीच्या बटव्याचें संग्रहालय उभारावें. विषय असा निवडावा कीं तो मनांत येतांच हात शिवशिवूं लागतील. पालकहो, आपल्या मुलानें असें कांहीं केलें तर “याचा उपयोग काय?” हा प्रश्न चार दिवस तरी दूर ठेवावा. त्याच्याशेजारीं बसावें, आणि “हें तूं कसें केलेंस?” एवढेंच विचारावें. मूल जें समजावून सांगेल, तेंच तें खरोखर शिकलें आहे असें समजावें.

आमची शेवटची सूचना शाळेस आहे. स्नेहसंमेलनाच्या वेळीं चित्रें, शिवणकाम, मातीचीं फळें यांचें प्रदर्शन आम्ही दर वर्षीं मांडतों. येत्या वर्षीं त्याच खोलींत एक टेबल या लटक्या संकेतस्थळांसाठींहि राखून ठेवावें, आणि प्रत्येकासमोर तें बांधणाऱ्या मुलांची चुकांची वहीहि उघडी ठेवावी. पाहुण्यांनीं पडदा पाहावाच; पण वही अधिक लक्ष देऊन पाहावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.